वेरूळच्या वाटेवर अडखळलेली पद्मिनी

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे 2023 पर्यंत ज्याला आपण औरंगाबाद म्हणत होतो त्या आमच्या गावाहून, वेरूळ अवघे तीस किलोमीटर. एवढ्याशा प्रवासाचे काय वर्णन करायचे, असे वाचक म्हणतील. पण ज्यांनी हा प्रवास 1984 सालच्या पद्मिनीतून केलेला नाही, त्यांना तीस किलोमीटर किती लांब असू शकतात याची कल्पना यायची नाही.

गाडी बाबांची. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळीपिवळी पद्मिनीसुद्धा 2023 च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. आमची मात्र अजून दारात उभी. बाबांना जाऊन दोन वर्षे झाली. दर कार्तिकात ते आईला घृष्णेश्वराच्या दर्शनाला नेत, आणि आईचे म्हणणे एवढेच की, यंदाही जायचे ते ‘त्यांच्या’ गाडीतून. सौ.चे म्हणणे निराळे. गाडी विकून टाकावी. तिने एक गिऱ्हाईकही गाठून ठेवले होते. त्याच दिवशी संध्याकाळी ते यायचे होते.

सौ.चे फारसे चुकत नव्हते. गाडी जागेवर गुरगुरत असली की सुरेल वाटे. पण वेग वाढवायला पाय दाबला की श्वास कोंडल्यासारखी क्षणभर थबके, एक आचका देई आणि मग पळू लागे. मी प्लग बदलले, पॉइंट बदलले, कॉइल बदलली, शेवटी पेट्रोलचा पंपही नवा घातला. खिसा हलका झाला. आचका होता तिथेच राहिला.

दौलताबादचा किल्ला डाव्या हाताला आला तेव्हा आम्ही सारे खुशीत होतो. महंमद तुघलकाने 1327 साली राजधानी दिल्लीहून इथे आणली आणि काही वर्षांनी परत नेली, ही गोष्ट मी मुलांना सांगत होतो. जुन्या तटाचा अरुंद दरवाजा ओलांडून घाट चढू लागलो. पुढे उसाचा ट्रॅक्टर. त्याने हात दाखवला, मी गाडी उजवीकडे काढली, आणि वरून एस.टी. दिसली. पाय दाबला, अन् नेमकी तिथेच गाडी थबकली! एस.टी.च्या चालकाने करकचून ब्रेक लावला म्हणून हा लेख लिहायला मी उरलो. मागच्या सीटवर कोणी बोलेना. सौ. एवढेच म्हणाली, “अहो, आता तरी पटलं ना?”

हातकागदासाठी प्रसिद्ध असलेले कागजीपुरा मागे टाकून, जीव मुठीत धरून खुलताबाद गाठले. लिंबाच्या झाडाखाली एका वृद्ध मिस्त्रींचे छोटेसे दुकान होते. मी काय काय बदलले त्याची यादी त्यांना वाचून दाखवू लागलो. त्यांनी हात वर केला.

“सर, पार्ट बाद में. पहले ये बोलो, अटकती कब है?”

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. मी आठवून सांगू लागलो. जागेवर? नाही अडखळत. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने? नाही. मग फक्त पाय दाबला त्या घटकेला? हो, तेवढ्यापुरतीच. चाचा हसले. सपाटीला नीट धावते, म्हणजे पेट्रोल पुरते पोचते. माझा नवा पंप फुकट गेला! मग त्यांनी चोक जरासा ओढला आणि गाडी रेस केली. आचका जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे त्या क्षणी गाडीला हवा भरपूर मिळत होती, पेट्रोल कमी पडत होते.

तेवढ्यात मागून आई म्हणाली, “तुझे बाबा शेवटच्या वर्षी घाटात ते बटण असंच ओढून ठेवायचे.”

“आई! मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस कधी?”

चाचांनी इंजिन बंद केले, वरचा हवेचा डबा उतरवला आणि मला कार्ब्युरेटरच्या नरड्यात डोकवायला लावले. पाय दाबला की हवा लहान पोरासारखी आधी धावते. पेट्रोल जड, ते मागे राहते. तेवढी खोट भरून काढायला एक छोटा पंप पेट्रोलची पिचकारी मारतो. चाचांनी दांडी हलवली. पिचकारीऐवजी दोन थेंब ओघळले. आतला रबरी पडदा लाकडासारखा कडक झाला होता. एक तर वय, त्यात गाडी महिनोन् महिने उभी. शिवाय 2025 पासून सर्वत्र मिळणारे 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल असल्या जुन्या रबराला मानवत नाही. बिस्किटांच्या जुन्या डब्यातून चाचांनी नवा पडदा काढला, बारीक छिद्र फुंकून साफ केले आणि पुन्हा दांडी हलवली. सळसळीत धार! माझ्या कॉइलच्या किमतीत असे कितीतरी पडदे आले असते.

घृष्णेश्वराचे दर्शन झाले. कैलास लेण्यापुढे उभा राहिलो तेव्हा मन जरा ओशाळले. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, हा डोंगर वरून खाली कोरत आणला. इथे एक घाव चुकला तर दगड पुन्हा जोडता येत नाही. छिन्नी उचलण्याआधी कारागिराने खडक किती निरखला असेल! आणि मी? वर्गात मुलांना सांगतो की, कविता आधी नीट वाचा, मग मत द्या. घरी मात्र प्रश्न न विचारताच उत्तरे विकत आणत होतो.

परतताना वेरूळचा चढ लागला. बेताने पाय दाबला. गाडी एकदाही न अडखळता वर निघाली. आरशात आई दिसली. तिने डोळे मिटून घेतले होते.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे गिऱ्हाईक आले. मी तोंड उघडणार, तोच सौ. म्हणाली, “थांबा. आधी आईंना विचारा.”

आई निरांजनाची वात सारखी करीत होती. वर न बघताच म्हणाली, “यंदा नको. शिवरात्रीला परत जायचंय.”