केरातले सोने

सोन्याचे आणि नशिबाचे नाते माणसाला फार आवडते. १९८० साली ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणाऱ्या एका माणसाला २७ किलोंचा सोन्याचा गोळा सापडला. ती हकिकत वाचून मीही घटकाभर हरखलो होतो.

आमच्या सांगली-साताऱ्याकडे मात्र सोने मिळवण्याची तऱ्हा निराळी. माण, खटाव, खानापूर, आटपाडी हे तालुके पावसाने टाकलेले. इथली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. सराफकट्ट्यालगतच्या एखाद्या खोलीत ती जुने दागिने मुशीत वितळवतात, तेजाबात उकळून चांदी-तांबे वेगळे काढतात आणि शुद्ध सोने हाती देतात. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा वाया जात नाही. तो जाळायचा, धुवायचा, पाऱ्याने त्यातले कण धरायचे. कोणाच्या केरात किती निघेल, हे नशीब. धूत राहणे तेवढे आपल्या हाती!

विट्याकडचा माझा एक विद्यार्थी शिक्षण सोडून चुलत्याबरोबर गलाईला गेला. मागे दिवाळीत गावी आला तेव्हा भेटला. मी त्याच्या चिकाटीचे कौतुक केले. तो हसून म्हणाला, "सर, सोनं सापडत नसतं, साचतं. पण त्याच्या आधी तेजाबाचा धूर छातीत साचतो."

तेव्हापासून वर्गात चिकाटीचे गोडवे गाताना माझी जीभ जराशी अडखळते. पाऊस वेळेवर पडला असता, तर या पोरांना इतकी चिकाटी शिकावी लागली असती का?