बावीस नंबरची तार

रांजणगावच्या एमआयडीसीत, एका टूलरूममध्ये माझी पंचवीस वर्षं गेली. साचे बनवायचे, घासायचे, मोजायचे आणि पुन्हा घासायचे, हे माझं काम. गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी किंवा दुसरी पाळी असेल त्या सकाळी मी शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या शाळांत जातो. आठवी ते दहावीच्या मुलांना इंजिनिअरिंगची गोडी लागावी, एवढाच हेतू.

पहिल्या वर्षी मी चुकलो. एका शाळेच्या मैदानात दीडशे मुलं बसली होती. मी पडद्यावर रोबो दाखवले, उपग्रह दाखवले, पगाराचे आकडे सांगितले. टाळ्या भरपूर पडल्या. निघताना एका मुलाला विचारलं, "पुढे काय करणार?" तो म्हणाला, "कंपनीत लागणार." कुठल्या कामाला, ते त्याला सांगता येईना. तो तरी काय सांगणार? आपल्याकडच्या मुलांना कंपनी दिसते ती गेटपुरती. सकाळी फाट्यावर थांबणारी बस, निळा शर्ट, गळ्यातलं ओळखपत्र. आत काय चालतं ते त्यांनी पाहिलेलं नसतं, आणि मीही ते दाखवलं नव्हतं.

त्यानंतर मी पाबळला गेलो. शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून ते इथे आले. हाताने काम करताना डोकं चालतं आणि शिक्षण तिथेच सुरू होतं, हा त्यांचा विश्वास होता. गावाला लागणारी कामंच मुलांचा अभ्यास झाली: वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, माती-पाण्याची तपासणी. त्यातूनच शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय उभा राहिला. आठवडाभराच्या शाळेतला एक दिवस कामाचा. 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवायची कार्यशाळा, झाली. एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. 2003 मध्ये डॉक्टर गेले. आश्रमाच्या वर्कशॉपमधून बाहेर पडताना मी ठरवलं, आता भाषण बंद. शाळेत जाताना पिशवीत हत्यारं न्यायची.

तेव्हापासून पिशवीत दोन कानशी, एक गुण्या, मायक्रोमीटर आणि लोखंडाचे चार तुकडे असतात. मुलाला म्हणतो, ही कड सपाट कर. तो जोर लावून कानस पुढेमागे रेटतो. मी सांगतो, दाब पुढे जाताना द्यायचा, मागे येताना हात हलका ठेवायचा. दहा मिनिटांनी तुकड्याला गुण्या लावून खिडकीच्या उजेडात धरायला लावतो. मधून केसाएवढी उजेडाची रेघ दिसते. "सर, सपाट वाटत होतं." हाताला वाटलं आणि उजेडाने खोटं ठरवलं! त्या क्षणी मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठी मी जातो. तो कुणी न सांगता पुन्हा कानस उचलतो.

दौंडच्या मुलांसाठी सामान त्यांच्या स्टेशनातच आहे. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावताना त्यांच्या घरातल्या मोठ्यांनी पाहिलेलं असतं. कारण मनमाडचा फाटा, 1878 सालचा, स्टेशनच्या पुण्याकडच्या टोकाला उत्तरेकडे वळतो. मी फळ्यावर रूळ काढतो आणि विचारतो, इंजिन न फिरवता गाडी नगरला कशी न्याल? थोडी खाडाखोड होते, मग कुणीतरी खडू घेऊन दोन रुळांना जोडणारा तिरका तुकडा काढतं. मी सांगतो, अगदी असाच तुकडा आता टाकलेला आहे, त्याला कॉर्ड लाइन म्हणतात. खडू हातात असलेलं पोर थोडं ताठ उभं राहतं.

भीमेकाठच्या एका शाळेतली गोष्ट मात्र मला आयुष्यभर पुरेल. मी नववीला विचारलं, "हे मायक्रोमीटर नाही असं समजा. फक्त कंपासपेटीतली पट्टी आहे. वहीच्या एका पानाची जाडी कशी मोजाल?" वर्ग गप्प. शेवटच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, "शंभर पानं एकत्र मोजायची न् शंभरने भागायचं." कसं सुचलं? "पप्पा तार मोजतात तशी."

तिचे वडील मोटर भरतात. विहिरीवरची मोटर जळली की आसपासचे शेतकरी त्यांच्या दुकानात आणून टाकतात. दुसऱ्या दिवशी तिने तारेचं एक भेंडोळं आणलं. पेन्सिलीवर एकाला एक खेटून वीस वेढे घेतले. पट्टीवर साधारण पंधरा मिलिमीटर भरले. म्हणजे एक तार पाऊण मिलिमीटर. मायक्रोमीटर म्हणाला 0.77. मग ब्लेडने वरचं वार्निश खरवडून पुन्हा मोजलं तर 0.71. "बावीस नंबर," ती म्हणाली. गेजच्या कोष्टकात बावीस नंबरची उघडी तार एवढीच भरते. ते वार्निश नसेल तर वेढे एकमेकांना चिकटतील आणि मोटर पुन्हा जळेल, हेही तिनेच वर्गाला सांगितलं.

पुढच्या खेपेला मी तिच्या वडिलांना बोलावलं. ते दाराशीच थांबले. "सर, मी नववी नापास. पोरांना काय सांगणार?" मी म्हटलं, सांगू नका, करून दाखवा. त्यांनी जुना स्टेटर टेबलावर ठेवला आणि खाचांमध्ये एकेक वेढा बसवू लागले. वर्गात चाळीस मुलं, आणि आवाज फक्त तारेचा.

शेवटची पाच मिनिटं मी वाटा सांगतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआयचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियन, तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला. किंवा दहावीनंतर सरळ तीन वर्षांचा डिप्लोमा, तिथून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. एवढं पुरतं. बाकीचं त्यांच्या घरात, रानात, स्टेशनात पडलेलं आहे. त्याला इंजिनिअरिंग म्हणतात, एवढंच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

त्या दिवशी वडिलांचा हात तारेत गुंतला, तेव्हा ती मुलगी शेवटच्या बाकावरून उठून टेबलापाशी आली आणि न विचारता तिने भेंडोळं हातात धरलं. वडील वेढे घालत राहिले. ती मोठ्याने मोजत राहिली.