न झालेल्या गोलांची नोंद

स्मरणिका हाती आली की आपण सर्वप्रथम याद्या पाहतो. शालान्त परीक्षेत प्रथम आलेले, शिष्यवृत्ती मिळविलेले, शासकीय सेवेत अधिकारपदी पोहोचलेले, कबड्डीचे मैदान गाजविलेले. या याद्या हव्यातच. ज्यांच्या आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना वसतिगृहात ठेवले, त्यांच्यासाठी छापलेले नाव ही श्रमांची पोचपावती असते. तथापि काही कर्तृत्व असे असते की त्याची यादी करताच येत नाही. कारण ते घडलेल्या गोष्टींत नसून घडू न दिलेल्या गोष्टींत असते. फुटबॉलमधील गोलरक्षक हा अशा कर्तृत्वाचा चालताबोलता नमुना होय. म्हणून या अंकासाठी आम्ही एका गोलरक्षकाविषयी लिहावयाचे योजिले आहे.

रत्नागिरी हा कबड्डीचा आणि क्रिकेटचा मुलूख. फुटबॉल आम्हा वसतिगृहातील मुलांकडे येई तो पावसाबरोबर. मृगाच्या सरी कोसळू लागल्या की क्रिकेटची फळी कोपऱ्यात जाई आणि शिवण उसवलेला एकुलता एक चेंडू बाहेर निघे. मैदान म्हणजे सड्यावरचा जांभा; वर बोटभर माती आणि खाली कातळ. पळणाऱ्याचे त्यात फारसे बिघडत नसे. परंतु झेप घेणाऱ्याचे गुडघे आणि कोपरे सोलून निघत. त्यामुळे गोलात कोणी हौसेने उभे राहत नसे. ज्याला वेग नाही, ज्याच्या पायात बूट नाहीत, जो नव्याने दाखल झाला आहे, त्याच्या वाट्याला ती जागा येई. ती निवडलेली नसे, उरलेली असे.

अशा काळात आम्हांस ब्रह्मानंद शंखवाळकर हे नाव कळले. 1981 साली सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची दक्षिण सीमा थेट गोव्याला भिडलेली होती. त्यामुळे गोव्याची वार्ता आम्हांस परक्याची वाटत नसे. पणजीलगतच्या ताळगावात 1954 साली जन्मलेला हा खेळाडू गोव्याच्या साळगावकर संघाचा गोलरक्षक म्हणून नावारूपास आला, भारतीय संघात पोहोचला आणि 1980 च्या दशकात भारताचा कर्णधारही झाला. त्या काळी भारतीय फुटबॉलची राजधानी म्हणजे कोलकाता. मोठे संघ तेथे, मोठी गर्दी तेथे, वृत्तपत्रांचे रकानेही तेथेच. अशा दिवसांत गोव्याच्या मातीतून राष्ट्रीय संघाचे कर्णधारपद मिळविणे ही सोपी गोष्ट नव्हती.

राज्याराज्यांतील संघांसाठी असलेली संतोष करंडक स्पर्धा 1941 साली सुरू झाली. गोवा मुक्त झाला तो 1961 च्या डिसेंबरात. या स्पर्धेचे विजेतेपद गोव्याला प्रथम लाभले ते 1982-83 च्या हंगामात, तेही बंगालसह संयुक्तपणे. अंतिम सामना बंगालच्याच अंगणात, कोलकात्यात होता. तो गोलशून्य राहिला, पुन्हा खेळविला गेला आणि पुन्हा गोलशून्यच सुटला. पुढील हंगामात मद्रास येथे गोव्याने पंजाबचा 1-0 असा पराभव करून करंडक एकट्याच्या बळावर जिंकला. त्या संपूर्ण स्पर्धेत शंखवाळकरांनी आपल्या जाळ्यात एकही चेंडू जाऊ दिला नाही. ज्याने गोल केला त्याची कामगिरी धावफलकावर दिसते. गोलरक्षकाची कामगिरी मात्र त्याच फलकावर शून्य या आकड्याने लिहिली जाते. शून्याला इतके मोल असलेले दुसरे स्थान आम्हांस तरी ठाऊक नाही.

त्या शून्यामागील श्रम मात्र मोजता येतात. गोलाची रुंदी 7.32 मीटर आणि उंची 2.44 मीटर. पेनल्टीचा चेंडू 11 मीटरवरून मारला जातो. ताशी शंभर किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू हे अंतर सुमारे चार दशांश सेकंदात कापतो. पापणी लवेपर्यंतचाच हा अवधी. म्हणजे चेंडू पाहून मग झेप घेऊ म्हणणारा गोलरक्षक उशिरा पोहोचतो. त्याला मारणाऱ्याचा खांदा, टेकलेला पाय, वळलेली कंबर यांवरून आधीच अंदाज बांधावा लागतो. उरलेली ऐंशी-नव्वद मिनिटे तो रिकामा उभा आहे असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः तो त्या चार दशांश सेकंदांची तयारी करीत असतो.

या स्थानाची दुसरी बाजू रशियाच्या लेव याशिनच्या चरित्रात दिसते. महायुद्धाच्या काळात पोरवयात कारखान्यात राबलेला हा मुलगा मॉस्कोच्या डायनामो संघात आला. 1950 सालच्या एका मैत्रीपूर्ण सामन्यात समोरच्या गोलरक्षकाने लांबवर भिरकावलेला चेंडूच त्याच्या जाळ्यात जाऊन विसावला. पुढे मुख्य संघात जागा मिळेना, तेव्हा तो बर्फावरील हॉकीत गोलरक्षण करू लागला. परंतु गोल सोडून गेला नाही. 1956 साली मेलबर्न ऑलिंपिकचे सुवर्णपदक सोव्हिएत संघाने जिंकले, तेव्हा गोलात तोच होता. त्याच स्पर्धेत आपला भारत चौथा आला होता, हेही येथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते. 1962 च्या विश्वचषकात कोलंबियाने सोव्हिएत संघावर चार गोल केले, त्यांतील एक तर थेट कोपऱ्यावरून मारलेल्या चेंडूवर. आणि याशिन संपला, अशी हाकाटी झाली. पुढच्याच वर्षी, 1963 साली, युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बालोन द’ओर पुरस्कार त्याला मिळाला. हा मान आजवर दुसऱ्या कोणत्याही गोलरक्षकाला लाभलेला नाही.

आमच्या तुकडीतही एक गोलरक्षक होता. लांजा तालुक्यातील एका वाडीवरून आलेला, अंगाने किरकोळ, बोलण्यास लाजरा. एका आंतरशालेय सामन्यात शेवटच्या मिनिटाला त्याच्या ओल्या हातांतून चेंडू निसटला आणि आपला संघ हरला. त्या रात्री तो जेवावयास आला नाही. वसतिगृहाचे अधीक्षक गुरुजी त्याचे ताट घेऊन स्वतः खोलीत गेले. आम्हां सर्वांस बोलावून त्यांनी एवढेच विचारले, “चेंडू याच्यापर्यंत पोहोचण्याआधी किती जणांना ओलांडून आला?” कोणी उत्तर दिले नाही, त्यांनी अपेक्षिलेही नव्हते. नंतर त्या मुलाला म्हणाले, “बाळा, जेव. उद्या पुन्हा गोलात तूच उभा राहायचं आहेस.” दुसऱ्या दिवशी तो उभा राहिला. पुढे वर्तमानपत्रातून कापलेले शंखवाळकरांचे छायाचित्र त्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटलेले आम्ही पाहिले आहे.

तो मित्र पुढे एस. टी.त चालक झाला. कोकणातील घाट, पावसाळी रात्री, दरडी आणि धुके यांतून त्याने माणसे सुखरूप घरी पोहोचविली. त्याने किती अपघात टाळले याची नोंद कोणत्याही आगारात सापडणार नाही. गावातील बाळंतिणीवर वेळेत उपचार करणारी परिचारिका, वादळी रात्री खांबावर चढणारा वायरमन, मुलगा शाळा सोडू नये म्हणून त्याच्या घरी चार-चार खेपा घालणारे शिक्षक, हे सारे एकाच जातकुळीतील. त्यांचे यश म्हणजे कोणाच्या तरी घरी न आलेली वाईट बातमी. आपल्या शाळेने असे गोलरक्षक पुष्कळ घडविले. मात्र त्यांची यादी कोणत्याही फलकावर नाही.

शंखवाळकरांना 1997 साली अर्जुन पुरस्कार मिळाला आणि 2022 साली पद्मश्री. मद्रासच्या त्या विजयाला तोवर जवळजवळ चार दशके लोटली होती. राखणाऱ्याची आठवण समाजाला उशिराने होते, हे खरे. परंतु तोवर राखणारा आपली जागा सोडून जात नाही, हे त्याहून खरे.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो आणि पालकहो, या स्मरणिकेच्या निमित्ताने आमची एकच विनंती आहे. शाळेच्या मैदानावर गोलाच्या खांबांपुढची चार हात जागा मऊ मातीने भरून घेऊ या, आणि खेळसाहित्याच्या यादीत चेंडूच्या आधी हातमोज्यांची एक जोडी लिहू या. खर्च फार नाही. गोलात उभ्या राहणाऱ्या मुलाला ती उरलेली जागा न वाटता विश्वासाने सोपविलेली जागा वाटावी, इतकेच त्यातून साधावयाचे आहे. आणि सुटीत आपले मूल घरी आले की “किती गोल केलेस?” या प्रश्नाबरोबर “किती अडविलेस?” हेही विचारावे.