दुखणं सांगायचे शब्द

इंग्लंडमधलं लेस्टर म्हणजे अर्धं गुजरात म्हणावं असं गाव. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा कितीतरी कुटुंबं इथे आली. बायका होजिअरीच्या कारखान्यांत शिवणाला लागल्या. शेजारीण गुजराती, वाणी गुजराती, शेजारच्या मशीनवरचीही गुजराती. मग इंग्रजीवाचून अडणार कुणाचं? आमच्या वर्गातल्या बा त्यांतल्याच. पंचाहत्तरी ओलांडल्यावर आता पाटी-पेन्सिल घेऊन बसल्यात.

मी आठवड्यातून दोन सकाळी इथल्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये बायकांना इंग्रजी शिकवते. बा सोडल्या तर बाकीच्या सीरिया, पोलंड, चीन, सोमालिया अशा चार दिशांच्या. प्रत्येकीच्या चुका तिच्या माहेरच्या! अरबीत ‘प’ नाही, म्हणून सीरियाची बाई ‘इथे गाडी पार्क करू का’ विचारायला जाते आणि ‘इथे बार्क करू का’, म्हणजे भुंकू का, असं विचारून बसते. चिनीत तो आणि ती यांचा उच्चार एकच, त्यामुळे चीनची मुलगी नवऱ्याला खुशाल ‘शी’ म्हणते. सोमाली भाषेला १९७२ सालीच रोमन लिपी मिळाली, पण त्यात ‘एक्स’ म्हणजे घशातला ‘ह’. हसन हे नाव ते ‘एक्स’ने लिहितात. अशा बाईला अडाणी कसं म्हणायचं? तिला अक्षरं येतात, फक्त त्यांचे आवाज वेगळे.

खरा कस लागला तो दवाखान्याच्या पाठाला. पुस्तकात माणसाचं चित्र; डोकं, पोट, गुडघा असे बाण. पण डॉक्टर नुसतं ‘कुठे’ विचारत नाही, ‘कसं दुखतं’ हेही विचारतो. आपल्याकडे काय शब्दांना तोटा! ठणका, कळ, चमक, उसण, चुरचुर, हुळहुळ. मी फळ्यावर शार्प, बर्निंग, थ्रॉबिंग लिहिलं आणि प्रत्येक दुखणं चक्क नाटक करून दाखवलं. तेवढ्यात चीनची मुलगी दंड चोळत म्हणाली, ‘‘माय आर्म इज सावर.’’ सगळ्या हसल्या. मला मात्र गंमत वाटली. आपणही दमल्यावर ‘अंग आंबून गेलं’ म्हणतोच ना? कुठे चीन, कुठे आपण, आणि दुखण्याची चव एकच!

सोमालियाची बाई त्या दिवशी गप्प होती. वर्ग सुटल्यावर मागे थांबली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करत तिने सांगितलं ते ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. चार महिने पाळी थांबत नव्हती. दवाखान्यात दुभाषी फुकट मिळतो, पण फोनवर पुरुषाचा आवाज ऐकून हिची वाचाच बसली. मग अकरा वर्षांच्या मुलाला नेलं. त्याच्यासमोर काय बोलणार? ‘पोट दुखतं’ एवढंच सांगितलं आणि पोटदुखीच्या गोळ्या घेऊन आली.

मुलं फाडफाड इंग्रजी बोलतात म्हणून आपण त्यांना पुढे करतो. बँकेत ठीक आहे, पण आईची पाळी हा काय पोराने भाषांतर करायचा विषय आहे?

पुढचे दोन वर्ग आम्ही पुस्तक उघडलंच नाही. किती दिवस, किती कपडे, गाठी पडतात का, चक्कर येते का, सगळं घोकलं. ‘मला लेडी डॉक्टर हवी’ हे वाक्य तर साऱ्याजणींनी पाठ केलं, बांनीसुद्धा. कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने तारखा रंगवून दिल्या. इतकं असूनही बोलणं अडलंच, तर कागद बोलेल.

ती एकटी गेली. रक्त तपासलं, अंगात रक्त फारच कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि सोनोग्राफीसाठी मोठ्या हॉस्पिटलची तारीखही मिळाली.

आता ती तारीख नेमकी मुलाच्या शाळेतल्या पालकसभेच्या दिवशी आली आहे. फोन करून बदलून घ्यायला हवी, आणि फोनवर काही हातवारे चालत नाहीत. म्हणून सध्या वर्गात टेलिफोनचा पाठ चालू आहे. बा चष्मा नाकावर ओढून रिसेप्शनिस्ट होतात आणि भलत्या जरबेने विचारतात, ‘‘डेट ऑफ बर्थ?’’