क्लच वायर

मामांच्या वालाच्या शेतामागून एक पायवाट कर्नाळ्याच्या रानात शिरते. नवीन पनवेलहून बाइकवर अर्धा तास, त्यामुळे आठवडाभर स्क्रीनकडे बघून डोळे शिणले की रविवारी मी तिकडे जातो. या जानेवारीत त्याच वाटेवर, गुडघ्याखाली, झुडपाला बांधलेला फास दिसला. बाइकची जुनी क्लच वायर. दोन्ही बाजूंना काटेरी फांद्या रचलेल्या, म्हणजे जनावराला मधूनच जावं लागेल.

मी तो सोडवून बॅगेत टाकला. हे चुकलंच. हात न लावता फोटो आणि लोकेशन घेऊन वनखात्याच्या 1926 वर कळवायला हवं होतं.

जेवताना मामा म्हणाले, "डुकरांनी निम्मा वाल उकरलाय." मग त्यांची नजर बॅगेतून डोकावणाऱ्या वायरीवर गेली आणि ते गप्प भात कालवत राहिले. मला कळायचं ते कळलं.

रात्री वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 वाचून काढला. (एरवी मी न वाचता 'आय अ‍ॅग्री' दाबणारा माणूस.) शिकार म्हणजे बंदूक, असा माझा समज होता. कायद्यात फास लावणं, आमिष ठेवणं, पक्ष्याची अंडी उचलणं हीसुद्धा शिकार. नुसता प्रयत्नही शिकारच. अभयारण्याच्या आत असेल तर किमान 3 आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद, वर किमान 25 हजार दंड. अभयारण्यात राहणाऱ्यावर तर आणखी जबाबदारी: गुन्हा रोखायचा, मेलेला प्राणी दिसला तर कळवायचं, वणवा विझवायला हात लावायचा.

कर्नाळा 1968 साली अभयारण्य झालं तेव्हा साडेचार चौरस किलोमीटरसुद्धा नव्हतं. 2003 मध्ये ते वाढून बारा झालं. फोनवरच्या नकाशात माझा ठिपका नेमका हद्दीच्या रेषेवर. बाहेर असता तरी विनापरवाना फास हा गुन्हाच. बदलतं ते शिक्षेचं गणित. आणि डुकरासाठी लावलेल्या वायरीत भेकर किंवा बिबट्याही अडकतो. ओढ घेतली की ती आणखी आवळते.

पुढच्या रविवारी मामांना हे सगळं सांगितलं. ते आजोबांच्या पारधीबद्दल बोलू लागले: अख्खं गाव जायचं, हाकारा घालणाऱ्याला वाटा, कुत्र्याच्या मालकालाही वाटा. "तेव्हा कुणी चोर नव्हतं," म्हणाले. मग एकदम, "त्यांची डुकरं माझ्या वालात येतात, तेव्हा ही हद्द कुठं जाते?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबद्दल लेखी परवानगी मागता येते, भरपाईही मिळते, पण नुकसान झाल्यावर लगेच कळवायचं, पंचनामा होईपर्यंत शेत तसंच ठेवायचं. "तोवर उरलेला वाल कोण राखणार? तू?"

मी वनखात्याला कळवलं नाही. माझ्या सख्ख्या मामाला तीन वर्षं आत पाठवणारा फोन माझ्याच्यानं झाला नाही. बिबट्या अडकला असता तर झाला असता का, हे अजून स्वतःला नीट विचारलेलं नाही. भरपाईचा अर्ज मात्र आम्ही ओट्यावर बसून एकत्र भरला, सातबारा जोडला, उकरलेल्या वाफ्यांचे फोटो काढले.

निघताना मामा म्हणाले, "ती वायर परत दे. गाडीची आहे."

दिली नाही.