बस, एक कमी पडला!

एप्रिल आला की ऑफिसातल्या माणसांचे चेहरे कसे दिसतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. अप्रेझलचा महिना! कुणाचं रेटिंग किती, कुणाला किती टक्के मिळाले, कुणाची 'यंदा बजेट टाइट आहे' म्हणून बोळवण झाली... कॉफी मशीनपाशी दुसरा विषय नसतो. मी फ्रीलान्सर, त्यामुळे मला बॉस नाही आणि अप्रेझलही नाही. (चेक कधी येतो, त्यावरून आम्ही आमची किंमत ओळखायची!) पण एप्रिल २०२४ मध्ये मी एक अख्खं शहर अप्रेझलला बसलेलं पाहिलं. शहर टोरांटो. ज्याचं अप्रेझल होतं, तो ऑस्टन मॅथ्यूज. आणि टार्गेट, एका सीझनमध्ये ७० गोल.

मी तीन आठवड्यांसाठी माझ्या मावसभावाकडे मिसिसागाला गेले होते. मिसिसागा म्हणजे टोरांटोला चिकटलेलं शहर. आपल्याकडे पुण्याला पिंपरी-चिंचवड, तसं समजा. बॅगेत मावशीने दिलेले बेसनाचे लाडू, गोडा मसाला आणि 'त्याला नीट विचार, पीआरचं काय झालं' हा निरोप. दादा तिथे एका घराच्या बेसमेंटमध्ये लुधियानाच्या एका मुलाबरोबर राहायचा. त्याला आम्ही सगळे पाजी म्हणायचो. वरच्या मजल्यावर घरमालक, सत्तरीच्या आसपासचे, एकटे. शनिवारी संध्याकाळी ते बिअरचे कॅन घेऊन खाली यायचे, कारण पाजीचा टीव्ही मोठा होता.

आता थोडी माहिती. मी पुण्याची, म्हणजे माझ्यासाठी हॉकी म्हणजे खडकीचा धनराज पिल्ले. कॅनडात नुसतं 'हॉकी' म्हटलं की ती बर्फावरची. तिथल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये ३२ टीम्स. तेव्हा ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येक टीमचे ८२ सामने असायचे. त्यातल्या १६ टीम्स पुढे प्लेऑफला जातात, बाकीच्या घरी. जिंकलं की दोन पॉइंट्स. हरलात, पण ओव्हरटाइममध्ये किंवा शूटआउटमध्ये हरलात, तरी एक पॉइंट मिळतो. हा एक पॉइंट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे!

टोरांटोची टीम मेपल लीफ्स. श्रीमंत, लोकप्रिय, आणि १९६७ नंतर एकदाही स्टॅनले कप न जिंकलेली. तरीही शनिवारची संध्याकाळ म्हणजे हॉकी, हा तिथला रिवाज आहे. शनिवारच्या या सामन्यांचं २००८ पासून पंजाबीतही प्रक्षेपण होऊ लागलं. हरनारायण सिंग हा त्यातला आवाज देशभर गाजला. पाजी कॅनडात आला, तेव्हा त्याला या खेळाचे नियम त्या पंजाबी कॉमेंट्रीतून कळले. गंमत म्हणजे तो लीफ्सचा फॅन नव्हताच. त्याचं कॉलेज विंडसरला होतं. तिथून नदीपलीकडे अमेरिकेचं डेट्रॉइट दिसतं, म्हणून तो डेट्रॉइट रेड विंग्जचा. एका बेसमेंटमध्ये दोन टीम्स, म्हणजे रोजची जुगलबंदी!

१३ एप्रिल, शनिवार. लीफ्सचा घरच्या मैदानावरचा शेवटचा साखळी सामना आणि समोर नेमके रेड विंग्ज. लीफ्स प्लेऑफमध्ये आधीच पोचले होते. त्यांना हा सामना जिंकण्याचं तसं टेन्शन नव्हतं. पण मॅथ्यूज ६८ गोलांवर होता. लीगच्या इतिहासात सीझनला ७० गोल करणारे फक्त आठ खेळाडू. त्यातले शेवटचे दोघे १९९२-९३ च्या सीझनमधले. त्यामुळे स्टेडियममधली माणसं सामना कमी आणि मॅथ्यूज जास्त बघत होती. पक त्याच्याकडे गेला की अख्खं स्टेडियम उभं.

डेट्रॉइटची गोष्ट वेगळी. ही टीम २०१६ पर्यंत सलग २५ सीझन्स प्लेऑफ खेळली आणि त्यानंतर एकदाही नाही. यंदा शेवटची एक जागा उरलेली आणि तिच्यासाठी चार-पाच टीम्सची रस्सीखेच. त्यांच्यासाठी प्रत्येक पॉइंट जीवनमरणाचा. एकाच सोफ्यावर बसून दादा एका माणसाचा आकडा मोजत होता आणि पाजी स्वतःचा श्वास!

मॅथ्यूजने ६९ वा गोल केला. दादा सोफ्यावरून उडाला. घरमालकांनी कॅन उंचावला. सामना मात्र डेट्रॉइटने ओव्हरटाइममध्ये ५-४ असा जिंकला. पाजीने तिथेच भांगडा केला. म्हटलं तर दोन्ही पार्ट्या खूश. पण घरमालक उठता उठता पुटपुटले, "एक कमी पडला."

"अजून दोन सामने आहेत की!" दादा म्हणाला.

त्यावर त्यांनी आम्हाला २००७ ची गोष्ट ऐकवली. एप्रिलचीच. लीफ्सनी शेवटच्या शनिवारी मॉन्ट्रियलला ६-५ ने हरवलं. आता दुसऱ्या दिवशी न्यू जर्सीने न्यूयॉर्क आयलँडर्सना हरवलं की लीफ्स प्लेऑफमध्ये. त्या रविवारी म्हणे अख्खं टोरांटो न्यू जर्सीचं फॅन झालं होतं. दोन गोलांनी मागे पडलेल्या न्यू जर्सीने शेवटचा सेकंद संपता संपता बरोबरी केली. शहर नाचलं. आणि मग शूटआउटमध्ये आयलँडर्स जिंकले. त्यांचे पॉइंट्स ९२, लीफ्सचे ९१. एक कमी! सतरा वर्षांपूर्वीचं हे दुःख घरमालक काल घडल्यासारखं, हातवारे करून सांगत होते. आणि सांगताना चक्क हसत होते.

मला ते हसणं कळलं नाही. म्हणजे तेव्हा नाही.

कारण त्याच बेसमेंटमध्ये आणखी एक आकडा होता आणि त्याच्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं. कॅनडात कायमचं राहण्यासाठी, म्हणजे पीआरसाठी, एक गुणपद्धत आहे. वय, शिक्षण, इंग्रजी, कामाचा अनुभव, सगळ्याचे गुण. ठरावीक दिवसांनी कटऑफ लागतो. कटऑफच्या वर असाल तर बोलावणं, खाली असाल तर पुढच्या वेळी बघू. त्यातली मेख अशी, की वयाचे पूर्ण गुण एकोणतिसाव्या वर्षापर्यंतच. मग दर वाढदिवसाला पाच-सहा गुण कमी होत जातात. दादाला एप्रिलच्या शेवटी एकतिसावं लागणार होतं. वर्क परमिट नोव्हेंबरपर्यंत. पहिल्याच दिवशी मी मावशीचा निरोप दिला, तेव्हा तो म्हणाला, "होईल गं दोन-तीन महिन्यांत," आणि लाडवाचा डबा उघडला. फोनवर मावशीलाही हेच. ऑफिसात, मित्रांत, फॅमिली ग्रुपवर, सगळीकडे 'प्रोसेसमध्ये आहे'. तुमच्याही ओळखीचं आहे ना हे वाक्य?

१६ एप्रिल, मंगळवार. डेट्रॉइटचा शेवटचा सामना, मॉन्ट्रियलमध्ये. त्याच वेळी फिलाडेल्फियात वॉशिंग्टनचा शेवटचा सामना. दोन्ही टीम्सचे पॉइंट्स सारखे, ८९. पाजीने टीव्हीवर एक आणि लॅपटॉपवर दुसरा लावला. जेवण तसंच. मी वरण-भात टाकला होता, तो कुणी घेईना.

फिलाडेल्फियात १-१ अशी बरोबरी होती. पण फिलाडेल्फियालाही आशा होती आणि त्यासाठी त्यांना साठ मिनिटांतच जिंकणं भाग होतं, ओव्हरटाइम चालणार नव्हता. म्हणून त्यांनी शेवटच्या तीनेक मिनिटांत गोलकीपरच बाहेर काढला आणि त्याच्या जागी एक जास्तीचा खेळाडू आणला. गोल रिकामा! वॉशिंग्टनने त्या रिकाम्या गोलात पक ढकलला. २-१. पाजीने डोकं धरलं. इकडे मॉन्ट्रियलमध्ये डेट्रॉइट एका गोलने मागे. शेवटचे चार सेकंदही उरले नसतील, तेव्हा त्यांनी बरोबरी केली! पाजी ओरडला, दादा ओरडला, मीही ओरडले. वरून घरमालक चपला फटफटवत खाली आले.

डेट्रॉइट शूटआउटमध्ये जिंकलं. पण ते जिंकले तोवर वॉशिंग्टनचा निकाल लागून गेला होता. दोघांचे पॉइंट्स ९१. पॉइंट्स सारखे असले की साठ मिनिटांत जास्त सामने कुणी जिंकले ते बघतात. त्यात वॉशिंग्टन पुढे. डेट्रॉइट जिंकूनही बाहेर! पडद्यावर खेळाडू जिंकलेले होते आणि त्यांचे चेहरे मात्र हरलेले.

आता आपल्याकडे अशा वेळी काय होतं? कुणीतरी म्हणतं, 'जे होतं ते चांगल्यासाठीच.' कुणीतरी म्हणतं, 'मेहनत कमी पडली असेल.' त्या बेसमेंटमध्ये यातलं काहीच झालं नाही. पाजीने पाच मिनिटं शुद्ध पंजाबीत शिव्या घातल्या. घरमालक, आयुष्यभराचे लीफ्स फॅन, डेट्रॉइट म्हणजे त्यांचे जुने वैरी, ते पाजीच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "फार वाईट झालं. फारच वाईट." बस्स! मग सगळे मिळून हिशेब करत बसले. जानेवारीत अमुक सामना हरायला नको होता, तमुक रात्री तो एक पॉइंट घालवला नसता तर...

आणि मधेच दादा म्हणाला, "माझंही तसंच आहे." आधी कुणाला कळलंच नाही. मग त्याने आकडा सांगितला. आपला स्कोअर, गेल्या आठवड्यातला कटऑफ, वाढदिवसानंतर होणारा स्कोअर. "तिथेही टाय झाला तर नियम आहे. ज्याने आधी फॉर्म भरला तो पुढे," तो म्हणाला. "पण मी टायपर्यंत पोचतच नाही."

दोन वर्षांत हे त्याने आईला सांगितलं नव्हतं, मला नव्हतं. सांगितलं ते एका हरलेल्या सामन्यानंतर. पाजीने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि जे डेट्रॉइटला म्हटलं तेच म्हटलं, "बहोत बुरा हुआ यार." सल्ला नाही, फ्रेंच शीक नाही, अमक्या एजंटला भेट नाही. मग आम्ही चौघांनी तो थंड वरण-भात गरम करून खाल्ला. घरमालकांनी लोणचं मागून घेतलं आणि नाक पुसत पुसत संपवलं!

रात्री झोपताना दादा म्हणाला, "आईला तू सांगू नकोस. मीच सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी त्याने खरंच फोन केला. मावशी थोडी रडली. मग तिने विचारलं, लाडू संपले का.

मॅथ्यूजचं पुढे काय झालं? लीफ्सचे उरलेले दोन सामने फ्लोरिडात होते, १६ आणि १७ तारखेला. दोन्ही हरले आणि त्याचा एकही गोल झाला नाही. ६९ वर सीझन संपला. जवळजवळ तीन दशकांत लीगमध्ये कुणी इतके गोल केले नव्हते. तरी बुधवारी रात्री पहिला सूर हाच, एक कमी पडला! मेमध्ये मी पुण्यात परत आले होते, तेव्हा लीफ्स प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत सातव्या सामन्यात बॉस्टनकडून ओव्हरटाइममध्ये २-१ ने हरले. दादाचा मेसेज आला, तीन शिव्या आणि एक वाक्य, 'ऑक्टोबरला बघू.'

तेव्हा कुठे मला घरमालकांचं हसणं थोडं कळलं. हे फॅन्स काही संतमहात्मे नाहीत. आरडाओरडा करतात, खेळाडूला विका म्हणतात. २०२५ मध्ये लीफ्स घरच्या मैदानावर फ्लोरिडाकडून सातव्या सामन्यात ६-१ ने हरले, तेव्हा काहींनी जर्सी काढून बर्फावर फेकल्या. पण ते हरणं लपवत नाहीत. सगळे मिळून, मोठ्याने, नावं घेऊन हरतात. एक पॉइंट कमी पडला तर एक पॉइंट कमी पडला म्हणतात. आपण मात्र आपला कमी पडलेला पॉइंट मेलच्या इनबॉक्समध्ये एकटे वाचतो, लॅपटॉप बंद करतो आणि लंचला 'ठीक झालं यार' म्हणून सांगतो. आकडा तोच असतो. पण एकट्याने वाचला की तो आपलाच मार्कशीट वाटतो, चार जणांत वाचला की एका सीझनचा स्कोअर वाटतो.

दादाला नंतर बोलावणं आलं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो परत आला. आता वाकडला राहतो, एका लॉजिस्टिक्स कंपनीत आहे आणि कुणी विचारलं, की 'का आलास', तर सरळ सांगतो, "गुण कमी पडले." समोरचाच गडबडतो. टोरांटोचे संध्याकाळचे सामने इथे पहाटे साडेचार-साडेपाचला लागतात. तो अलार्म लावून उठतो. पाजी तिकडून व्हिडिओ कॉलवर असतो, मागे घरमालकांचा कॅन दिसतो. मावशी कुरकुरते, "जिंकत नाहीत तर बघतोस कशाला?" आणि मग त्याच्याबरोबर स्वतःचाही चहा टाकते. परवा मला म्हणाली, "तो पक काही मला दिसत नाही बाई. पण हा ओरडला की मी समजते, काहीतरी झालं!"