दत्तक आईचं बाळंतपण



बाळंतिणीचा सव्वा महिना कसा सांभाळायचा हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, शेक-शेगडी, कानाला रुमाल. सुवेर फिटलं की बाळाला बस्तीत न्यायचं, त्याच्या कानात णमोकार मंत्र सांगायचा. पण मूल दत्तक आलं तर त्या आईचा सव्वा महिना कुणी धरायचा?

सांगलीच्या माझ्या धाकट्या जावेने 2019 मध्ये अकरा महिन्यांची मुलगी दत्तक घेतली. जाऊ एका खासगी कंपनीत हिशेब बघते. रजा मागितली तर उत्तर आलं, "कायद्यात बसत नाही." नात्यातल्या एक आजीही म्हणाल्या, "तिला कुठं बाळंतपण झालंय? रजा कशाला पाहिजे?"

मी साताऱ्याहून पंधरा दिवस तिच्याकडे जाऊन राहिले. मुलगी मांडीवर घेतली की अंग ताठ करायची. बाहेर गेलेलं माणूस परत येतं, हेच तिला ठाऊक नव्हतं. जाऊ पाणी आणायला आत गेली तरी हंबरडा. साठवलेली रजा बारा दिवसांत संपली. मग ती कामावरून यायची तोवर सूर्यास्त झालेला असायचा आणि लेकीला दिवसाउजेडी जेवण मीच भरवलेलं असायचं. आईच्या हातचा घास रविवारी.

कायदा काय होता तेही सांगते. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली. पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. दत्तक आईलाही प्रथमच 12 आठवडे मिळाले, मूल हातात दिल्या दिवसापासून. पण अट घातली, मूल तीन महिन्यांहून लहान हवं.

आता हिशेब करा. मूल स्वाधीन करणाऱ्या जन्मदात्रीला फेरविचारासाठी दोन महिने दिलेले असतात, आणि ते योग्यच आहे. त्यानंतर बालकल्याण समिती मूल दत्तकासाठी मोकळं झाल्याचं जाहीर करते. मग पालकांची निवड, भेट, कागदपत्रं. एवढं होईतो तीन महिने बहुधा उलटूनच जातात. नात्यातलं मूल घेतलं तर गोष्ट वेगळी. संस्थेतून घेणाऱ्या आईला मात्र एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखंच झालं.

शिवाय मूल जितकं मोठं, तितकं त्याने जास्त सोसलेलं. त्याला आई जास्त दिवस लागते, कमी नव्हे. म्हणून मला वाटतं, रजेचे दिवस मुलाच्या वयावरून मोजू नयेत, ते घरात आलं त्या दिवसापासून मोजावेत.

पोटचं आणि परकं असा हिशेब न करणारी बाई आपल्याच समाजात होऊन गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या वसतिगृहातल्या मुलांचं आईपण केलं, त्यांच्या जेवणासाठी अंगावरचं सोनं, मंगळसूत्रसुद्धा दिलं. 1930 साली त्या गेल्या. त्याच्या आदल्याच वर्षी, 1929 मध्ये, मुंबई प्रांतात कारखान्यातल्या बायकांसाठी प्रसूतीच्या रजेचा कायदा झाला होता. 1928 मध्ये विधिमंडळात त्याची बाजू मांडणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. लहानपणी ते साताऱ्याच्याच शाळेत शिकले, त्यांची आईही इथेच गेली. या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, कारण लोकांचं कल्याण हे सरकारचं काम आहे, असं त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

ते आजही पटतं. आपल्यातल्या कित्येकींच्या घरी दुकान आहे, छोटा कारखाना आहे. सगळा पगार मालकाच्याच खिशातून जाणार असेल, तर तो लग्न झालेल्या मुलीला कामावर घेताना दहादा विचार करतो. भार वाटला गेला तरच रजा वाढेल. आणि बापालाही रजा हवी. केंद्र सरकारच्या नोकरांना ती 15 दिवस मिळते. माझ्या दिराला एक दिवसही मिळाली नाही.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी दत्तकासाठी नाव नोंदवलं असेल, तर थांबू नका. मूल येण्याआधीच सध्याचा रजेचा नियम ऑफिसात लेखी विचारून घ्या. आणि बाकीच्यांनो, शेजारी दत्तक मूल आलं तर नुसतं झबलं घेऊन जाऊ नका, डिंकाचे लाडूही न्या. ते त्या आईसाठी.

जावेची लेक आता शाळेत जाते. आई कामाला निघाली की दारातून विचारते, "किती वाजता येणार?" येणार का, हे आता विचारत नाही.